अंतर राखून टिपलेला पक्षी

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली मागे पडली की कुडाळ येण्याआधी कसालचा तिठा लागतो. मालवणचा रस्ता येथून पश्चिमेकडे वळतो. बहुतेक प्रवाशांच्या लेखी कसाल म्हणजे एवढेच: वळायची खूण, चहाचा एक पेला आणि किल्ल्याच्या वाटेवरचे पाच मिनिटांचे थांबणे. मृग नक्षत्र लागले की ही वर्दळ ओसरते. समुद्र खवळतो, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात, पर्यटक-निवासांच्या पाट्या पावसात भिजत राहतात. नेमके त्याच दिवसांत काही थोडे लोक मुद्दाम या भागाची वाट धरतात. त्यांना किनारा नको असतो. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत हातभर लांबीचे एक भिंग असते आणि ज्याच्यासाठी ते आलेले असतात तो पक्षी चिमणीहूनही लहान असतो.

त्याचे नाव तिबोटी खंड्या. पायाला तीनच बोटे, म्हणून तिबोटी. पोटाकडून पिवळा-नारिंगी, पाठीवर गडद निळा, डोक्यावर जांभळी झाक, आणि चोच व पाय लालभडक. पहिल्या पावसाबरोबर तो कोकणात उतरतो आणि चातुर्मास अर्धा होईपर्यंत त्याचा संसार आटोपतो. व्हाळाच्या काठची दरड किंवा पायवाटेच्या कडेची मातीची भिंत निवडून तो तीत बीळ खणतो. मादी चार-पाच अंडी घालते. नर-मादी दोघेही आळीपाळीने ती उबवतात. साधारण सतरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पुढच्या वीस दिवसांत उडून जातात. या वीस दिवसांत आई-बाप दिवसभर खेकडे, बेडूक, कोळी आणि सापसुरळ्या आणून पिल्लांच्या तोंडी घालत असतात. छायाचित्रकाराचा सुवर्णकाळ तो हाच, आणि पक्ष्याच्या जीवावर बेतण्याचा काळही हाच.

या छंदाचे सारे गणित अंतराशी बांधलेले आहे, आणि हिशेबात मुरलेल्या कुटुंबांना ते समजावून सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. भिंगाची लांबी भागिले पक्ष्याचे अंतर, गुणिले पक्ष्याचा आकार: कॅमेऱ्याच्या पटलावर प्रतिमा किती मोठी पडेल ते एवढ्यावरून कळते. तिबोटी खंड्या तेरा सेंटिमीटरचा धरला, तो दहा मीटरवर बसला आहे असे मानले आणि भिंग ६०० मिलिमीटरचे असले, तर पटलावर त्याची प्रतिमा सुमारे आठ मिलिमीटरची उमटते. पूर्ण आकाराच्या पटलाची उंची २४ मिलिमीटर असते. म्हणजे पक्षी चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. चांगल्या छायाचित्राला एवढे पुष्कळ झाले. आता हेच काम लग्नसमारंभात वापरल्या जाणाऱ्या २०० मिलिमीटरच्या भिंगाने करायचे ठरवले, तर पक्ष्यापासून साडेतीन मीटरच्या आत जावे लागेल. कोणताही रानपक्षी त्याआधीच उडतो. आणि उडाला नाही, तर घरटे सोडवत नाही म्हणूनच बसून राहतो. लांब भिंगाने माणसाला जे दिले ते मूलतः हे साडेसहा मीटर.

एकेकाळी हे मीटर कोणाजवळच नव्हते. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून या विद्येचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. पक्ष्याजवळ पोहोचण्यासाठी या बंधूंनी पुढे काय काय केले याच्या कथा मोठ्या रंजक आहेत. बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर ताणून त्यांनी एक पोकळ बैल उभा केला होता, आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह माणूस उभा राहत असे. कोकणात शेतकरी पावसात डोक्यावर इरले घेऊन भातखाचरात वाकलेला असतो, तेव्हा बगळे त्याच्यापासून हातभर अंतरावर निर्धास्त किडे टिपत असतात. कीर्टन बंधूंना जे बैलाच्या कातड्यातून साधायचे होते ते येथे कोणी न ठरवता घडत आले आहे.

त्या पहिल्या काळातील पक्षीछायाचित्रण म्हणजे जवळजवळ सर्वस्वी घरट्याचे छायाचित्रण होते. त्याचे कारण सरळ आहे. पक्षी कोठे आणि केव्हा येईल याची खात्री फक्त घरट्यापाशी असे. तेथे काही फुटांवर कापडी लपण उभारायचे, आत तासन्‌तास बसायचे आणि पक्षी पिल्लांकडे परतला की कळ दाबायची. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो यांनी याच रीतीने काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते सिंगापूर सोडून भारतात आले, येथे सालिम अली यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि युद्धानंतर दोघे मिळून कच्छ, काश्मीर, सिक्कीम असे हिंडले. १९५७ मध्ये त्यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक निघाले. मोठा व्यापार सांभाळून रानात महिनोन् महिने काढणारा हा माणूस १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात गेला. त्यांच्या पिढीने घरट्यापाशी बसण्यात गैर मानले नाही. दुसरा मार्गच नव्हता. आजच्या छायाचित्रकाराला मात्र ती सबब उरलेली नाही.

कॅमेऱ्याआधीच्या काळात तर पक्षी पाहायचा म्हणजे तो मारायचा. सालिम अली यांचा पक्ष्यांशी पहिला परिचय बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे झाला, हे सर्वश्रुत आहे. ती कोणती चिमणी हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथून एका आयुष्याची दिशा ठरली. पण या किनाऱ्याशी जोडलेली अधिक विलक्षण कथा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची आहे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव येते. हा सनदी अधिकारी आपल्या काळातील भारतातला सर्वांत मोठा पक्षीसंग्राहक होता. १८७५ च्या फेब्रुवारीत लखदिवे बेटांच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत तो वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवर, म्हणजे वेंगुर्ले रॉक्सवर, उतरला आणि तेथील पाकोळ्यांची हकिकत त्याने पुढच्या वर्षी आपल्या नियतकालिकात छापली. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यात मारून पेंढा भरलेल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ८० हजारांवर गेली होती.

पुढे काय झाले ते वाचकांना विशेष वाटेल. थिऑसफीच्या विचारांकडे वळल्यावर ह्यूम शाकाहारी झाला आणि संग्रहासाठी पक्षी मारणेही त्याने सोडले. त्याच सुमारास भारतीय पक्ष्यांवरील त्याच्या नियोजित महाग्रंथाची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. वर्षानुवर्षांचे काम पुड्या बांधण्यात गेले. ह्यूमने मग त्या विषयाकडे पाठ फिरवली आणि १८८५ मध्ये सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. ८० हजार पक्ष्यांचा मालक असलेल्या माणसाला शेवटी त्यांतला एकही आपल्याजवळ ठेवावासा वाटला नाही.

वेंगुर्ले रॉक्सवरील पाकोळ्यांची कहाणी मात्र तेथे संपत नाही. या पाकोळ्या गुहेच्या छताला आपल्या लाळेने घरटी चिकटवतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, त्यामुळे त्यांना किंमत येते आणि जेथे किंमत येते तेथे चोरटा व्यापारही येतो. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये या खडकांवरील सुरय आणि पाकोळ्यांवर निबंध लिहिला होता. त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, २००१ च्या सुमारास, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने येथील घरट्यांची तस्करी उजेडात आणली आणि संरक्षणाचे काम हाती घेतले. लांब भिंगाचा येथे काही उपयोग नाही. अंधाऱ्या गुहेत प्रकाशझोत टाकून घेतलेले प्रत्येक छायाचित्र पाखरांना बिथरवते. ही जागा छायाचित्रकाराने आपणहून वगळावी अशीच आहे.

आता भिंगांकडे वळू. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेले पहिले झूम भिंग १९५९ चे, फोक्टलेंडर कंपनीचे ‘झूमार’. त्याचा पल्ला ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंतच होता. पक्ष्यांसाठी लागणारी ५०० किंवा ६०० मिलिमीटरची भिंगे दीर्घकाळ एकाच लांबीची, तोफेसारखी जड आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. आजही अशा प्रथम दर्जाच्या एका भिंगाला दहा लाखांहून अधिक रुपये पडतात. चित्र बदलले ते २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५० ते ६०० मिलिमीटरचे झूम बाजारात आणल्यावर. पुढच्या वर्षी सिग्माने त्याच पल्ल्याची दोन भिंगे काढली, २०१५ मध्ये निकॉनचे २०० ते ५०० आले, २०१९ मध्ये सोनीचे २०० ते ६००. किंमत लाखाच्या आसपास, वजन दोन किलोच्या जवळपास. पुण्या-मुंबईत ती भाड्यानेही मिळतात, आणि वर्षातून दोनदाच रानात जाणाऱ्याने विकत घेण्याआधी भाड्याचा हिशेब करून पाहणे शहाणपणाचे.

स्वस्त भिंग आणि महाग भिंग यांतला फरक कोठे जाणवतो? प्रकाशात. महागड्या भिंगाचे तोंड एफ ४ पर्यंत उघडते, झूमचे एफ ६.३ पर्यंत. ऐकायला किरकोळ वाटणारा हा फरक म्हणजे जवळजवळ अडीचपट प्रकाश. जून-जुलैत दाट झाडीखालच्या व्हाळात दुपारी बारा वाजताही संधिप्रकाशच असतो. तेथे झूमवाल्याला कळ एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतकी उघडी ठेवावी लागते, आणि जुन्या नियमाप्रमाणे ६०० मिलिमीटरच्या भिंगाला हात स्थिर राहण्यासाठी सहाशेवा भाग हवा. तिवई आणि भिंगातील कंप-रोधक यंत्रणा ही तूट भरून काढतात. तिबोटी खंड्याचा स्वभावही मदतीला येतो: तो एकाच फांदीवर मिनिटे-मिनिटे पुतळ्यासारखा बसतो, मध्येच डोके खाली-वर हलवतो. ते डोके थांबण्याची वाट पाहिली की झाले.

झूमचा खरा फायदा नवशिक्याला पहिल्या तासातच कळतो. ६०० मिलिमीटरवर भिंगाला जेमतेम चार अंशांचे आकाश दिसते. डोळ्याला स्पष्ट दिसणारा पक्षी भिंगात सापडतच नाही. नुसती हिरवी पाने फिरत राहतात. २०० वर ही खिडकी तिपटीने रुंद होते. आधी तेथे पक्षी शोधावा आणि मग लांबी वाढवावी. दहा मीटरवरील पक्ष्यावर रोखलेले ६०० चे भिंग पूर्ण उघडे असताना जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट दाखवते. डोळा साधला आणि शेपूट पुसट झाली तर चालते. शेपूट साधली आणि डोळा पुसट झाला, तर छायाचित्र टाकून द्यावे. अलीकडचे आरसाविरहित कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून ओळखतात आणि आवाजही करत नाहीत. पुष्कळांना यात कौशल्याचा ऱ्हास दिसतो. पक्ष्याला मात्र ‘खट्‌’ ऐकू आले नाही तर बरेच वाटत असणार.

कोकणातल्या पावसाळ्याने भिंगांवर घेतलेला सूड हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. कपाटात कातडी पिशवीत जपून ठेवलेले भिंग गणपतीला बाहेर काढावे तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. ती साफ करवून घ्यायची म्हणजे भिंग उघडावे लागते आणि खर्च मोठा येतो. उपाय साधा आहे: हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला की काळजी नाही. कातडी पिशवी तर पावसाळ्यात वापरूच नये. ती ओल धरून ठेवते. वातानुकूलित खोलीतून भिंग एकदम बाहेर काढले की काचेवर धुके चढते आणि अर्धा तास काही सुचू देत नाही. पहाटे निघायचे असेल तर पिशवी आदल्या रात्रीच ओसरीवर काढून ठेवावी.

पावसाळा सरला की या भागाचे रूप पालटते आणि छायाचित्रकाराची वाटही. कसालहून मालवणकडे जाताना थोडे आडवाटेला गेले की धामापूरचा तलाव येतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधला, असे त्याचा इतिहास सांगतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. दोन डोंगरांमध्ये अडवलेले गडद पाणी, काठावर भगवतीचे मंदिर आणि तीन बाजूंनी रान. अशा पाण्यावर टिबुकली आणि पाणकावळे टिपताना नवशिक्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे उभे राहून वरून छायाचित्र घेणे. पाण्याच्या पातळीला डोळा आणावा, गुडघे टेकावेत, शक्य तर पालथे पडावे. पक्ष्याच्या मागचे पाणी मग एका सलग रंगाचे होते आणि टिबुकलीसारखा मूठभर जीवही राजस दिसू लागतो.

धनेशासाठी मात्र मान वर करावी लागते. कोकणात त्याला ककणेर म्हणतात. मलबारी कवड्या धनेश हा सिंधुदुर्गातल्या रानांचा आणि देवरायांचा रहिवासी. त्याचे पंख हवेत असा आवाज करतात की दिसण्याआधी तो ऐकू येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळे भरवत राहतो. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नराला काही झाले, किंवा तो घाबरून ढोलीकडे यायचा थांबला, तर आतली सारी उपाशी पडतात. म्हणून जाणते लोक धनेशाच्या ढोलीखाली जात नाहीत. ते पिकलेल्या वडाचा किंवा उंबराचा पत्ता काढतात आणि दूर बसून राहतात. फळांवर धनेश येतोच, हरियाल येतो, तांबट येतो, एका सकाळी दहा-बारा जातींचे पक्षी मिळतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, त्यामुळे असा एखादा मोठा वड आता पूर्वीइतक्या सहज सापडत नाही. गावच्या देवराईतला वड म्हणूनच मोलाचा.

किनाऱ्यावर हिवाळा पाहुण्यांचा. उत्तरेकडून कुरव, सुरय, चिखल्या आणि तुतवार येतात. ब्राह्मणी घार आणि समुद्री गरुड तर बाराही महिने असतात. पश्चिम किनाऱ्याचे एक भाग्य फार थोड्यांच्या ध्यानात येते. सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो, त्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीमागून प्रकाश येतो आणि पाण्याच्या कडेच्या पक्ष्यावर थेट पडतो. संध्याकाळी सारे उलटे: पक्षी काळी आकृती होऊन जातो. मावळतीची नारिंगी छायाचित्रे सगळेच काढतात, पण पिसांचा बारकावा हवा असेल तर सकाळच हवी आणि तीही नऊच्या आत. ऊन तापले की वाळूवरची हवा थरथरू लागते, आणि ती थरथर लाखाच्या भिंगालाही पुसता येत नाही.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. ज्यांच्या घरी अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते, त्यांना हा सोपा जाईल. कोकणातला जुना आडाखा असा की पक्षातील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. बंदरागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, पण आडाखा कामाला येतो. द्वादशी-त्रयोदशीच्या सकाळी पाणी चढत असते. चिखल्या आणि तुतवारांचे थवे चिखलातून मागे सरकत सरकत काठाकडे येतात. छायाचित्रकाराने त्यांच्याकडे जायचेच नाही. वाळूत आडवे होऊन थांबायचे, आणि समुद्र पक्ष्यांना त्याच्याकडे आणून सोडतो. याउलट थव्याच्या दिशेने चालत गेले की तो उडतो, पुढे जाऊन बसतो, पुन्हा उडतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पाखरांनी चरून साठवलेली ताकद अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते.

खाडीत होडीचा पर्याय आहे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचतगटाने २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली. होडी स्त्रियाच वल्हवतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या आणि बगळे फांदी सोडत नाहीत. होडीत तिवई निरुपयोगी असते. येथे झूमच हातात धरून वापरावे, आणि कळेचा वेग हजारव्या भागाच्या पुढे ठेवावा.

परंतु पुन्हा त्या व्हाळाकाठच्या दरडीकडे यायला हवे, कारण सारा प्रश्न तेथे आहे. पावसाळ्यात एखाद्या बिळाची जागा कळली की बातमी भ्रमणध्वनीवरून पसरते. शनिवारी चार जण, रविवारी बारा. आडवी आलेली फांदी कापली जाते, कारण ती छायाचित्रात येते. तीच फांदी बीळ सापापासून आणि शिकरा पक्ष्यापासून झाकत असते, हे कोणाच्या मनात येत नाही. बिळासमोर नवी सुबक काठी रोवली जाते, खंड्याने त्यावरच बसावे म्हणून. कोणी भ्रमणध्वनीवर त्याचीच ध्वनिमुद्रित शीळ वाजवतो, आणि आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो बिचारा काम सोडून भांडायला धावतो. यांतले बहुतेक लोक दुष्ट नसतात. पक्ष्यावर त्यांचे प्रेमच असते. ते प्रेम दहा मीटरवर थांबत नाही, एवढेच.

आणि लांब भिंगाने मिळवून दिलेले अंतर खर्चून टाकण्याचा मोहही याच भिंगातून येतो. चौकटीचा तिसरा हिस्सा भरला की अर्धा भरावासा वाटतो. पाच मीटरवर गेले की प्रतिमा दुप्पट. वजनाच्या काट्यावरील माणसाने पासंग ठेवावा तसे हे आहे. थोडेसेच, कोणाला कळत नाही. पक्ष्याला मात्र कळते, आणि तो ते स्पष्टपणे सांगतो. चोचीत खेकडा धरून तो फांदीवर बसतो आणि बिळात शिरत नाही. डोके खाली-वर करतो, जागा बदलतो, पुन्हा येतो, पुन्हा थांबतो. छायाचित्रकाराला हा क्षण पर्वणी वाटतो: चोचीत भक्ष्य, अंगावर प्रकाश, आणि पक्षी समोर स्थिर. वस्तुतः तो माणूस जाण्याची वाट पाहत असतो आणि आत पिल्ले उपाशी असतात. असे अनेक गाजलेले छायाचित्र मुळात एका अडवलेल्या घासाचे छायाचित्र आहे.

कायद्याने या बाबतीत शंकेला जागा ठेवलेली नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. त्या व्याख्येत मारणे, पकडणे, सापळा लावणे हे तर आहेच. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्याच शब्दाखाली घातलेले आहे. म्हणजे हाती बंदूक नसलेला, मांसाला कधी न शिवलेला, पक्ष्यांवर जीव टाकणारा गृहस्थ घरट्यासमोरची फांदी कापतो तेव्हा कायद्याच्या भाषेत तो शिकारीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. घरी जिन्यावर सांडलेली साखर मुंग्यांसाठी जपून झाडणाऱ्या मंडळींना हे वाक्य टोचेल. टोचावे.

याला गावाची बाजूही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. पक्षी दाखवणारा स्थानिक तरुण, न्याहरी-निवास चालवणारे घर, वाहन देणारा शेजारी यांना पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत चार पैसे मिळतात ते या भिंगवाल्यांमुळे. त्या उत्पन्नामुळे दरडीची माती कोणी उपसत नाही, व्हाळाकाठचे रान राखले जाते. पाहुणाच नको म्हटले तर रानाला किंमत उरत नाही. म्हणून जाणते वाटाडे आता वेगळी रीत धरू पाहतात: बिळाऐवजी खंड्या मासे-खेकडे शोधायला येतो ती व्हाळातली जागा दाखवायची, एका वेळी दोघा-तिघांनाच न्यायचे, अर्ध्या तासाने उठायचे. काही नामवंत छायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरची छायाचित्रे स्वीकारणेच बंद केले आहे. पारितोषिक नाही म्हटल्यावर गर्दी थोडी पातळ होते. माणसाचा स्वभाव व्यापारी आहे.

कातळसड्यावरची एक गोष्ट येथे आठवते. टिटवी उघड्या जमिनीवर, दगडांत, दगडाच्याच रंगाची अंडी घालते. नजर आभाळातल्या घारीवर आणि पाय सड्यावर, अशा स्थितीत भिंगवाला चालतो तेव्हा त्याला ती अंडी दिसत नाहीत. ईर्यासमिती हा शब्द ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांनी चार हात पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकावे आणि आकाश पाहायचे तर आधी थांबावे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर आल्या पावलांनी, त्याच खुणांवरून, मागे फिरावे.

मुलांना हा छंद लावावा का, असे काही पालक विचारतात. भिंग नंतर. आधी एक दुर्बीण, एक वही आणि घराजवळचे एक झाड पुरे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते; २०१३ पासून भारतीय पक्षीनिरीक्षक तिच्यात भाग घेतात. दुकानाच्या गच्चीवरून पंधरा मिनिटे पाहून केलेली नोंदही तेथे चालते. वर्षभर नोंदी ठेवणाऱ्या मुलाला पक्षी कोठे बसेल, कोणत्या बाजूला उडेल, हे कळू लागते. त्यानंतर हातात आलेले झूम वाया जात नाही.

सप्टेंबर सरता सरता व्हाळाचे पाणी नितळते. दरडीतली बिळे रिकामी होतात, त्यांच्या तोंडांवर कोळी जाळी विणतात आणि तिबोटी खंड्या आपल्या पिल्लांसह दक्षिणेकडच्या रानांत निघून जातो. कसालच्या तिठ्यावर पुन्हा मालवणच्या गाड्या वळू लागतात. ज्या दरडीसमोर फांदी कोणी कापली नाही, तेथे तीच जोडी की दुसरी हे कोणाला कळत नाही, पण पुढच्या मृगात मातीवर ताज्या खणण्याच्या खुणा पुन्हा दिसतात.